डीबीए किती हवेत, हे रजेच्या वहीला विचारा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मी ज्या नागरी सहकारी बँकेचा सभासद आहे, तिच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका तरुण सभासदाने प्रश्न विचारला होता, की बँकेचा सगळा व्यवहार आता संगणकावर चालतो, तर डेटाबेस सांभाळणारी माणसे आपल्याकडे किती आहेत? व्यासपीठावरून उत्तर आले, "एक आहे आणि तो पुरेसा आहे. आपला डेटा काही फार मोठा नाही." लाभांशाच्या घोषणेची वाट पाहत बसलेल्या सभागृहात टाळ्या पडल्या आणि पुढचा विषय पुकारला गेला. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात सव्वीस वर्षे मी हेच काम केले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्या उत्तरातील "पुरेसा" हा शब्द माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अशी उत्तरे मी कारखान्यांत, रुग्णालयांत आणि शिक्षणसंस्थांतही ऐकली आहेत, त्यामुळे हा विषय एका बँकेपुरता नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डेटाबेस म्हणजे संस्थेच्या सगळ्या खतावण्या आणि डेटाबेस प्रशासक, म्हणजेच डीबीए, हा त्या खतावण्यांच्या खोलीचा राखणदार. रोजचा बॅकअप नीट झाला की नाही हे पाहणे, तो परत उभा करता येतो याची खात्री करणे, कोणाला कोणती माहिती दिसावी हे ठरवणे, मंदावलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारले जाणारे प्रश्न, शोधणे, डिस्क भरत आली की वेळेवर सांगणे, सुरक्षेचे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, लावणे आणि दुसऱ्या ठिकाणची राखीव प्रत मूळ प्रतीच्या बरोबरीने चालत ठेवणे, अशी त्याची कामे असतात. ही सगळी कामे चोख झाली तर कोणाला काही दिसत नाही. त्यामुळे मनुष्यबळाचा हिशेब करताना याच खुर्चीवर पहिली नजर जाते.

"आपला डेटा मोठा नाही" या वाक्यात एक मोजमाप लपलेले आहे, आणि ते चुकीचे आहे. किती टेराबाइट किंवा किती डेटाबेस यावर माणसे ठरवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, कारण ते आकडे चटकन मिळतात. प्रत्यक्षात एकाच जातीचे, एकाच आवृत्तीचे आणि एकाच पद्धतीने बसवलेले दोनशे डेटाबेस एक जाणकार माणूस सांभाळू शकतो, कारण एकदा लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, दोनशे ठिकाणी चालते. उलट लेख्यांसाठी ओरॅकल, हजेरीसाठी एसक्यूएल सर्व्हर, संकेतस्थळासाठी मायएसक्यूएल आणि एका उत्साही व्हेंडरने आणून ठेवलेले पोस्टग्रेस असे चारच डेटाबेस असले, तर चौघांच्या चार तऱ्हा शिकाव्या लागतात. पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूमकडे, म्हणजे जुन्या नोंदींच्या साफसफाईकडे, दुर्लक्ष झाले आणि जुने व्यवहार-क्रमांक मोकळे होईनात, तर साधारण दोनशे कोटींच्या मर्यादेजवळ पोचल्यावर तो नवे व्यवहार घेणेच थांबवतो. हे ओरॅकलवर आयुष्य घालवलेल्या माणसाला आपोआप ठाऊक नसते. मलाही नव्हते.

माणसे किती हवीत हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही, ते एका रजेने शिकवले. तेव्हा मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एकुलता एक डीबीए होतो. जीएसटीच्या आधीचे, अबकारीचे दिवस होते. बीजक छापल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे आणि मार्चअखेरीला तर फाटकाशी मालमोटारींची रांग लागे. नेमक्या त्या दिवसांत वडिलांचे वर्षश्राद्ध आले आणि मी सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी गेलो. ही रजा पुढे ढकलण्याजोगी नव्हती.

दुपारी पाने वाढली जात असताना फोन आला. ओरॅकल प्रत्येक व्यवहाराची नोंद वेगळ्या आर्काइव्ह फायलींत ठेवतो, म्हणजे उद्या बॅकअपवरून डेटाबेस उभा करावा लागला तर त्या फायली लावत लावत शेवटच्या मिनिटापर्यंत येता येते. या फायलींची डिस्क भरली, की नोंद न ठेवता पुढे जाण्याऐवजी तो सरळ थांबतो. महिनाअखेरच्या गर्दीत ती डिस्क भरली होती आणि सगळे पडदे गोठले होते. कारखान्यात हार्डवेअर पाहणारा एक होतकरू मुलगा होता. त्याने विचारले, "सर, एका फोल्डरमध्ये खूप मोठ्या फायली दिसतात, त्या उडवू का?" मी फोल्डरचे नाव विचारले आणि माझे हातपाय गार पडले, कारण तो आर्काइव्हचा फोल्डर नव्हता, खुद्द डेटाचा होता. मी "नको" म्हणालो आणि त्याच क्षणी रेंज गेली.

आमच्या गावात तेव्हा रेंज फक्त देवळामागच्या सड्यावर येत असे. तिथे धावत पोचेपर्यंत दहा मिनिटे गेली. मुलगा शहाणा होता, थांबला होता. मग सोवळ्यातच उन्हात उभा राहून मी त्याला एकेक आज्ञा अक्षराअक्षराने सांगितली: आर रत्नागिरीचा, एम मालवणचा, ए अकोल्याचा, एन नागपूरचा. आडवी रेघ मधली की खालची, यावरच अर्धा तास गेला असेल. डेटाबेस सुरू व्हायला पाच तास लागले. तोवर फाटकाशी चौदा गाड्या उभ्या होत्या, आणि जेवणाची पाने माझ्यासाठी थांबली नव्हती हे ओघाने आलेच. परतल्यावर व्यवस्थापकांनी माझ्या तत्परतेचे कौतुक केले. दुसऱ्या माणसाचा प्रस्ताव मात्र अंदाजपत्रकात पुढील वर्षी घेऊ म्हणून बाजूला ठेवला गेला आणि तो मंजूर व्हायला आणखी तीन वर्षे गेली.

पुढे मी हा हिशेब कागदावर मांडला. वर्षाचे ३६५ दिवस. त्यांतून ५२ रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार धरून २४ दिवस वजा केले, की २८९ उरतात. सणावाराच्या १५ सुट्ट्या आणि हक्काची, आजारपणाची मिळून ३० दिवसांची रजा काढली, तर २४४ राहतात. रोजचे आठ तास धरले, तर एक माणूस वर्षाला १,९५२ तास हजर असतो. यूपीआय, एटीएम आणि मोबाइल बँकिंग असलेल्या संस्थेचा डेटाबेस मात्र वर्षाचे सगळे ८,७६० तास चालू असतो. म्हणजे चोवीस तास एक खुर्ची भरलेली हवी असेल, तर साडेचार माणसे लागतात. याचा अर्थ प्रत्येक संस्थेने पाच जण नेमावेत असा मुळीच नाही, कारण बहुतेक ठिकाणी रात्री खुर्चीवर कोणी बसण्याची गरज नसते, हाकेला ओ देणारा असला की पुरते. पण ज्या संस्थेत एकच माणूस आहे, तिने उरलेले ६,८०८ तास नशिबावर सोडलेले आहेत. हे तिच्या संचालकांना कोणी आकड्यांत सांगितलेले नसते.

यावर एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो, की एक डीबीए रजेवर गेला तरी संगणक विभागात इतर हुशार माणसे आहेतच. त्याचे उत्तर २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारीच्या रात्री एक अभियंता मागे पडलेली राखीव प्रत पुन्हा उभी करण्याच्या खटपटीत होता. उशीर झाला होता, थकवा होता आणि डेटाचा फोल्डर पुसण्याची आज्ञा त्याने राखीव सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने हात मागे घेतला, पण सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी शिल्लक राहिले होते. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारा होता, त्यामुळे तो कित्येक दिवस अपयशी ठरत होता. तसे कळवणारी ईमेल मधेच नाकारली जात होती, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. डिस्कच्या प्रती घेण्याची सोय या सर्व्हरांसाठी चालूच केलेली नव्हती. अखेर त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर कंपनी पुन्हा उभी राहिली. त्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

त्या कंपनीने हे सगळे झाकून न ठेवता स्वतःच जाहीर केले, याबद्दल मला तिचा आदर वाटतो. बॅकअपची चाचणी का होत नव्हती, याचे तिने दिलेले कारण तर प्रत्येक संचालकाने वाचावे असे आहे: त्या कामाची मालकी कोणाकडेच नव्हती, म्हणून कोणीच जबाबदार नव्हते. हुशार अभियंत्यांची तिथे वाण नव्हती. गावचा पाणवठा सगळ्यांचा असतो आणि गाळ काढायला कोणी नसते, तसे ते झाले होते. तेव्हा "इतर माणसे आहेतच" असे म्हणणाऱ्यांनी त्या इतरांपैकी कोणाच्या नावावर हे काम लिहिले आहे, तेही सांगायला हवे.

एकाच माणसावर विसंबण्याचा आणखी एक धोका आहे, आणि तो बोलायला थोडा अवघड आहे. डीबीएच्या हाती सगळ्या कुलपांच्या किल्ल्या असतात. तो मनात आणील तर सॉफ्टवेअरच्या पडद्याकडे न जाता थेट डेटाबेसमध्ये शिरून खात्यातील आकडा बदलू शकतो, आणि एकटाच असेल तर आपल्या पाऊलखुणाही पुसू शकतो. माझ्या पिढीतील बहुतेकांनी असे कधी केले नाही. पण माणसाच्या सचोटीवर विसंबून नियंत्रणाची व्यवस्था उभारता येत नाही, आणि एकट्याच्या हाती सगळे असल्याने येणारा संशय त्या माणसावरही अन्याय करतो. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून लेख्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय असावी लागते. त्यानंतरच्या अनेक लेखापरीक्षण अहवालांत असा शेरा दिसतो, की ही नोंद सॉफ्टवेअरच्या पातळीवर आहे, पण थेट डेटाबेसमध्ये केलेल्या बदलांसाठी ती चालू नाही. ती चालू करणारा आणि तपासणारा एकच असेल, तर चालू करूनही काय साधणार? इथे दुसरा माणूस लागतो, आणि तो निव्वळ बदली म्हणून लागत नाही.

बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेची दिशा बरीच स्पष्ट आहे. नागरी सहकारी बँकांच्या सायबर सुरक्षेसाठी ३१ डिसेंबर २०१९ रोजी जे परिपत्रक निघाले, त्यात बँकांचे चार स्तर केले आहेत आणि ते ठरवताना इंटरनेट व मोबाइल बँकिंग आहे का, देयक प्रणालीशी थेट जोडणी आहे का, स्वतःचा एटीएम स्विच, म्हणजे एटीएमचे व्यवहार योग्य बँकेकडे वळवणारी यंत्रणा, आहे का, अशा गोष्टी पाहिल्या आहेत. बँक किती मोठी, यापेक्षा ती बाहेरच्या जगाशी किती दारांनी जोडलेली आहे, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा मानला गेला आहे. माणसे ठरवतानाही तोच विचार लागू पडतो. मोठ्या बँकांनाही सूट मिळालेली नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने नोंदवलेल्या त्रुटींत पॅच आणि बदलांचे व्यवस्थापन, वापरकर्त्यांना दिलेली मुभा आणि आपत्तीनंतर पुन्हा उभे राहण्याच्या कवायती यांचा समावेश होता. व्यवसायाच्या वाढीला साजेशी यंत्रणा बँकेने उभारली नाही, असाही ठपका होता. ते निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले. या त्रुटींपैकी बऱ्याच गोष्टी, निदान अंशतः, डीबीएच्या रोजच्या कामाच्या यादीतील आहेत हे कोणीही जाणकार सांगेल.

त्यात सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. शनिवारी रात्री अकरा वाजता घटना लक्षात कोणाच्या येणार, हा प्रश्न पुन्हा रजेच्या वहीपाशी येऊन थांबतो.

आता क्लाउडविषयी, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याविषयी. "सगळे क्लाउडवर टाकले की डीबीए लागतच नाही" असे सांगणारे विक्रेते मला निवृत्तीनंतरही भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अॅमेझॉनने आपल्या ग्राहक व्यवसायाचे सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट डेटा आपल्याच क्लाउड सेवांवर हलवून २०१९ मध्ये ते काम पुरे केल्याचे जाहीर केले, आणि प्रशासनाचा भार ७० टक्क्यांनी घटल्याचेही सांगितले. सर्व्हर बसवणे, पॅच लावणे, रात्रीचा बॅकअप घेणे ही मजुरी क्लाउड खरोखर कमी करतो. पण अॅमेझॉनच्या त्याच सेवेत आपोआप घेतले जाणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. तीन महिन्यांपूर्वी चुकून पुसलेले खाते परत हवे असेल, तर त्याची तजवीज आधी कोणीतरी केलेली असावी लागते. कोणती क्वेरी महिन्याचे बिल फुगवते आहे, निघून गेलेल्या कोणत्या कर्मचाऱ्याचे खाते अजून उघडे आहे, हे क्लाउड आपण होऊन विचारत नाही. भार हलका होतो, मालकी हलत नाही.

बाहेरच्या कंपनीला वार्षिक करारावर काम देण्याबद्दलही माझे हेच मत आहे. छोट्या बँकेला तो मार्ग परवडणारा आहे आणि कित्येकदा अधिक चांगला आहे, कारण तिथे निदान चार माणसे आळीपाळीने असतात. मात्र त्या कंपनीने काय केले हे वाचून समजणारा एक तरी माणूस बँकेच्या पगारावर हवा. तो नसेल तर दरमहा येणाऱ्या अहवालातील हिरव्या खुणा पाहून सही करण्यापलीकडे बँकेच्या हाती काही उरत नाही.

दुसऱ्या टोकाचाही अनुभव सांगायला हवा. एका ठिकाणी मी सल्लागार म्हणून गेलो, तिथे सहा डीबीए होते. प्रत्येकाच्या स्क्रिप्ट वेगळ्या, प्रत्येकाची वही वेगळी. मुख्य डेटाबेसचा बॅकअप दोघेजण रोज स्वतंत्रपणे घेत होते आणि वेतनाच्या डेटाबेसचा कोणीच घेत नव्हता. तिथे मी दोन माणसे दुसऱ्या कामावर द्यावीत असे सुचवले, आणि त्या सहा जणांत मी फारसा लोकप्रिय राहिलो नाही.

मग आकडा ठरवायचा कसा? माझी रीत साधी आहे, पण तिची सुरुवात संगणक विभागात होत नाही, संचालक मंडळात होते. काम किती तास बंद राहिले तर चालेल आणि शेवटच्या किती वेळाचे व्यवहार पुन्हा हाताने नोंदवावे लागले तर चालेल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मंडळाने सही करून द्यावीत. त्यानंतर एका रविवारी बॅकअपवरून संपूर्ण डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर उभा करून घड्याळ लावावे. दोन टेराबाइटचा डेटाबेस ताशी २०० जीबीने परत येत असेल, तर नुसत्या नकलेला दहा तास लागतात, त्यापुढे आर्काइव्ह लावणे आणि शिल्लक ताळ्यांची तपासणी. मंडळाने चार तास म्हटले असेल, तर राखीव प्रत तरी लागेल किंवा उत्तर तरी बदलावे लागेल. आणि चौदा तास सलग एकाच माणसाला बसवले, तर बाराव्या तासाला तो काय टाइप करील याची हमी मी तरी देणार नाही. या कवायतीबरोबर तीन महिने कामाची वही ठेवावी. ठरलेली कामे किती, नवे प्रकल्प किती आणि आग विझवणे किती, हे तिच्यातून दिसते. निम्म्याहून अधिक वेळ आग विझवण्यात जात असेल, तर माणसे कमी आहेत किंवा यंत्रणा मोडकळीला आली आहे. दोन्ही गोष्टी एकदम असणेही मी पाहिले आहे.

अशा हिशेबातून बहुतेक मध्यम संस्थांसाठी जे निघते, ते माझ्या अनुभवाप्रमाणे असे आहे. दिवसा चालणाऱ्या कारखान्याला दोन माणसे, त्यांतील एकाचा निम्मा वेळ दुसऱ्या कामाला दिला तरी चालेल, पण किल्ल्या आणि वही दोघांकडे हवी. रात्रंदिवस ग्राहक असलेल्या बँकेला आणि रुग्णालयाला तिघे, म्हणजे रात्रीच्या फोनची पाळी तीन आठवड्यांतून एकदा येते. दोघांवर ती आठवड्याआड आली, की दीड-दोन वर्षांत त्यांतील एक नोकरी सोडतो आणि संस्था पुन्हा एकावर येते. ओरॅकल वर्षानुवर्षे दर तिमाहीला सुरक्षेचे पॅच काढत आला आहे. आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग राखीव प्रतीवर आणि शेवटी रात्री मुख्य सर्व्हरवर असे ते लावायचे, तर ही संख्या मुळीच चैनीची नाही. एक हा आकडा मात्र मी कोणत्याही संस्थेला सुचवणार नाही. पोस्ट ऑफिसच्या खिडकीमागे एकच माणूस असला तर फलक लावून जेवायला तरी जाता येते.

यंदाच्या वार्षिक सभेसाठी आमच्या बँकेकडे मी दोन प्रश्न मुदतीत लेखी दिले आहेत. बॅकअपवरून संपूर्ण डेटाबेस शेवटचा कोणत्या तारखेला उभा करून पाहिला आणि त्याला किती तास लागले? आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने सलग आठ दिवसांची रजा शेवटची केव्हा घेतली? पोच मिळाली आहे. उत्तर मिळाले की आपल्या वाचकांना जरूर कळवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डेटाबेस प्रशासक, पुणे